नऊ महिन्यांचे बाळ आणि जंजाळ्याचा माळ

"लोक उन्हातून सावलीत येतात. तुम्ही लेकराला घेऊन सावलीतून उन्हात चाललात!"

सिल्लोडच्या घरी दस्तरखान उचलता उचलता दादी एवढेच बोलल्या आणि आत निघून गेल्या. विषय संपला असे आम्हाला वाटले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर दाराशी दादींची पिशवी भरून तयार होती. त्यात सुती लंगोटांची चळत, मलमलची जुनी ओढणी, एक वाटी-चमचा आणि तसबीह. "जायचंच ठरलंय तर मीही येते. पोरीला तुमच्या भरवशावर सोडत नाही."

आमची धाकटी तेव्हा नऊ महिन्यांची होती. तिचा भाऊ सात वर्षांचा. आम्ही राहतो छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आमच्या तोंडी अजून असलेल्या औरंगाबादला. मुलांचे दादा-दादी सिल्लोडला असतात. अंतर साधारण 65 किलोमीटर, त्यामुळे सुट्टी लागली की आमचा सफर तिथेच संपतो. या वर्षी मात्र मुलाने हट्ट धरला. थंडीत घेतलेला तंबू खोक्यातच पडून होता. तेव्हा बाळ फारच लहान होते म्हणून बेत लांबला. पावसाळ्यात तंबू टाकता येत नाही, जूनमध्ये शाळा उघडते. राहिला मे महिना. जंजाळ्याच्या शिवारात मुलांच्या मामूंची जमीन आहे, अगदी डोंगराच्या कडेला. तिथे दोन रात्री राहायचे, पहाटे किल्ला पाहायचा, दुसऱ्या दिवशी घटोत्कच लेणी पाहायची आणि परतायचे, असा बेत ठरला.

शनिवारी असरची नमाज पढून आम्ही निघालो. घड्याळात सव्वापाच वाजले होते आणि मोबाइल तापमान 39 दाखवत होता. गाडीत आम्ही दोघे, दादा, दादी, मुलगा आणि मांडीवर बाळ. मागच्या बाजूला पाण्याचे वीस-वीस लिटरचे तीन जार.

सिल्लोडहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागायचे, गोळेगावला मुख्य रस्ता सोडायचा आणि उंडणगाव, अंभई करत जंजाळ्याला पोहोचायचे. मे महिन्यात हा सगळा मुलूख एकाच रंगाचा दिसतो. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, मक्याची रानेही मोकळी असतात, नांगरलेली ढेकळे उन्हात तापत पडलेली असतात. मधेच एखादा हिरवा चौकोन दिसतो, तो मिरचीचा. सिल्लोडची हिरवी मिरची दूरदूरच्या बाजारांत जाते. ज्यांच्या विहिरीला थोडे पाणी टिकून आहे ते शेतकरी उन्हाळ्यातच मिरचीची रोपे लावतात, म्हणजे पावसाळा सुरू झाला की तोडा हाती येतो.

गोळेगावच्या फाट्यावर दादांनी मुलाला सरळ जाणारा रस्ता दाखवला. दादा शाळामास्तर होते, निवृत्त झाले तरी शिकवणे सुटलेले नाही. "हा रस्ता कुठे जातो?"

"अजिंठ्याला."

"आणि पुढे?"

पुढचे दादांनीच सांगितले. बुऱ्हाणपूरहून औरंगाबादकडे येणारी मुघलांच्या काळातली वाट याच घाटाने वर चढत असे. घाटाच्या खाली फर्दापूरला सराय, घाट चढून आले की अजिंठा गावातही सराय. अजिंठा गावाला 1727 साली निजाम-उल-मुल्क आसफजाह यांनी तटबंदी बांधली, तिचे दरवाजे आणि भिंती आजही उभ्या आहेत. लेणी पाहायला जगभरातून लोक येतात, पण या सरायांपाशी थांबणारे थोडे. खरे तर सराय म्हणजे त्या काळातले कुटुंबांचे मुक्कामाचे ठिकाण. मध्ये मोकळे अंगण, चारी बाजूंनी ओवऱ्या, एक मोठा दरवाजा, पाणी आणि नमाजला जागा.

"कारवान उन्हाळ्यात केव्हा चालायचे, ठाऊक आहे?" दादांनी विचारले. "रात्री आणि पहाटे. ऊन चढायच्या आत सराय गाठायची. दुपार सावलीत काढायची. त्यांच्याबरोबरही बायका असायच्या, तान्ही मुलं असायची. त्यांच्याकडे एसी नव्हता, पण वेळेची शिस्त होती."

आम्ही मान डोलावली. हे वाक्य नीट ऐकले असते तर पुढची दुपार तशी गेली नसती.

जंजाळा हे गाव पठाराच्या टोकावर वसले आहे. मराठवाड्याचे पठार तिथे एकदम संपते आणि खाली खानदेशाची, सोयगावच्या बाजूची सखल जमीन सुरू होते. किल्ला चढून जावा लागत नाही. गावातून पठारावरूनच सपाट चालत तटापाशी पोहोचता येते. म्हणूनच बाळाला घेऊन हा किल्ला आम्ही निवडला होता.

मामू वाट पाहत उभेच होते. बांधावर एक मोठा कडुलिंब, त्याच्या पलीकडे जुन्या आंब्याची दोन झाडे. मुलाने तंबूसाठी जागा निवडली ती मात्र माळावरची, जिथून दरी दिसते. शेजारच्या शेतात एक काका आणि त्यांच्या घरातली माणसे वाकून मिरचीची रोपे लावत होती. मगरिबला थोडाच वेळ उरला होता. आम्ही सलाम-दुआ करून विचारले, "काका, एवढ्या उशिरा लावणी?"

ते हसले. "ताई, दिवसा लावलं तर रोप मान टाकतं. संध्याकाळी लावलं की रात्रभरात जमीन धरतं. रोप म्हणजे लहान लेकरूच की." मग बाळाकडे पाहून त्यांनी विचारले, "हिला उन्हात नाही ना हिंडवणार?"

"नाही नाही," आम्ही म्हणालो.

तंबू उभा राहिला तेव्हा मुलाचा आनंद गगनात मावेना. पण बाळाला आत ठेवून पाच मिनिटेही झाली नाहीत तोच तिच्या कपाळावर घाम आला. बाहेर वारा सुटला होता आणि तंबूच्या आत मात्र कोंडल्यासारखे होत होते. दिवसभर तापलेली जमीन खालून ऊब सोडत होती आणि नायलॉनचे कापड हवा अडवत होते. आम्ही वरचे पावसाळी आच्छादन काढले, दोन्ही बाजूंच्या जाळ्या उघडल्या, तेव्हा जरा बरे वाटले. तरी दादींचे समाधान झाले नाही. मामूंना सांगून त्यांनी शेतातल्या घरातली बाज आणवली, आंब्याजवळ मोकळ्यावर टाकली आणि तिच्यावर मच्छरदाणी बांधली.

"खालून वारा, वरून वारा. आणि विंचू-काट्याची भीती नाही," त्या म्हणाल्या. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या दिवसांत जमिनीवर झोपणे म्हणजे विंचवाला आमंत्रण, हे आम्हालाही माहीत होते. तंबूच्या आनंदात विसरलो होतो. तंबूत शेवटी दादा आणि नातू झोपले, बाळ आणि बाळाची अम्मी बाजेवर.

पाण्याचा हिशेब दादांनी आपल्या हाती घेतला. एक जार फक्त पिण्यासाठी आणि बाळासाठी, त्याला कुणी हात लावायचा नाही. दुसरा स्वयंपाकाला. तिसरा हात धुणे आणि वुजूसाठी. विहीर होती, पण तळाला गेलेली, आणि बांधापासून बरीच लांब. मुलाने विचारले, "पाणी संपलं तर वुजू कसं करायचं?" दादांनी त्याला समजावून सांगितले, की पाणी पिण्यासाठी लागणार असेल आणि दुसरे मिळत नसेल तर तयम्मुमची सवलत आहे, कारण दीनमध्ये जीव वाचवण्याला मान आहे. "पण विहीर समोर दिसत असताना आळसासाठी तयम्मुम नाही." मग त्यांनी एक तांब्या भरला. हजरत पैगंबर (स.) एका मुद्दभर, म्हणजे साधारण पाऊण लिटरच्या आत-बाहेर, पाण्यात वुजू करत, असे हदीसमध्ये आले आहे. आपण घरी नळ सोडून किती पाणी वाहू देतो, ते त्या रात्री तांब्याने मोजल्यावर कळले. प्रत्येकाने एका तांब्यात वुजू केला आणि तांब्यात थोडे पाणी उरलेही.

ती रात्र विसरता येणार नाही. ईशानंतर दरीतून वारा वर येऊ लागला. खाली सोयगावच्या बाजूचे दिवे लुकलुकत होते. वर आभाळ इतके भरलेले, की मुलगा तारे मोजता मोजता झोपला. बाळ दोनदा दूध पिऊन शांत निजले. पहाटे पहाटे तर मलमलची ओढणी तिच्या अंगावर घालावी लागली. आम्ही एकमेकांना म्हणालो, उगीच घाबरत होतो.

फजरची नमाज मामूंच्या अंगणात पढली आणि उजाडता उजाडता किल्ल्याकडे निघालो. बाळाला झोळीत, छातीशी बांधून घेतले होते. बाहेर फिरायचे म्हणून तिला डायपर घातला, लंगोट नाही. हे बारीकसारीक का सांगतो आहोत ते पुढे कळेल.

जंजाळ्याचा किल्ला मोठा आहे, एका सकाळी पुरा होत नाही. तटाच्या भिंती आणि दरवाजे, पाणी आटलेला तलाव, जुन्या मशिदीचे अवशेष, 'राणी महाल' म्हणून ओळखला जाणारा इमारतीचा भाग. दगडात कोरलेली फारसी अक्षरे पाहून दादा थबकले. चष्मा पुसून बोट न लावता एकेक अक्षर लावू लागले आणि मुलगा त्यांच्या मागून तेच शब्द उच्चारत राहिला. कड्याच्या बाजूने समोर वेताळवाडीचा किल्ला दिसतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात सगळा डोंगर तांबूस झाला होता. बाळ झोळीतून मान वळवून वळवून पाहत होते, हसत होते, पक्ष्यांना बोलावत होते.

ठरले होते साडेसातला परतायचे. पण ती इतकी खुश होती, की आम्ही म्हणालो, अजून थोडे पुढे जाऊ. मग तो बुरूज, मग तो दरवाजा, मग एक फोटो. झोळीत तिच्या पोटाला आमच्या अंगाची ऊब आणि पाठीला उन्हाची. आम्ही तिच्या डोक्यावर ओढणी घातली आणि समजलो की सावली झाली. तळावर परत आलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. आम्ही थकलो होतो, तिचे गाल लाल झाले होते. डायपर बदलला, दूध पाजले. ती थोडेसे प्यायली आणि झोपली.

ती झोपली, हे आम्हाला नशीब वाटले. मुलगा मामूंबरोबर विहिरीवर गेला, आम्ही नाश्ता केला, पाठ टेकली. सकाळचा वारा पडला होता. अकराच्या सुमारास बाळ उठले, थोडे कुरकुरले, दूध तोंडात घेतले आणि लगेच सोडले. पुन्हा झोपले. आम्ही म्हणालो, सकाळी फार खेळली, दमली आहे.

साडेबाराला दादी जोहरसाठी वुजू करायला उठल्या आणि बाजेपाशी थांबल्या. त्यांनी बाळाच्या कपाळावर हात ठेवला, मग टाळूवर बोट फिरवले, मग ओठांवर.

"हिने शेवटची लघवी केव्हा केली?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. डायपर उघडून पाहिला, तो कोरडा होता. म्हणजे साडेनऊपासून काही नाही. आणि साडेनऊला बदललेला तो? एकाला आठवत होते की ओला होता, दुसऱ्याला वाटत होते की हलकाच होता. खात्रीने सांगता येईल असे आमच्याकडे काहीच नव्हते. पहाटे दूध पिताना लंगोट ओला झाला होता, एवढेच नक्की. घरी दादींच्या हाती बाळ असते तेव्हा प्रत्येक लंगोट बदलला जातो, वाळत पडतो, म्हणजे आपोआप मोजला जातो. डायपरने आमची मोजदादच बंद केली होती.

बाळ रडत होते, पण डोळ्यांत पाणी नव्हते. रडण्यातही जोर नव्हता. मोबाइल 41 दाखवत होता.

तिथे आमच्यात मतभेद झाले, ते लपवण्यात अर्थ नाही. मामू म्हणत होते, या उन्हात गाडीत घालून तासभर नेण्यापेक्षा चारपर्यंत आंब्याखाली थांबा. बाळाचे अब्बा म्हणत होते, आत्ता निघू. बाळाची अम्मी काही बोलतच नव्हती, फक्त बाळाला उराशी धरून झाडाखाली येरझारा घालत होती. दादी तेवढ्या शांत होत्या. "आधी पोरीला थंड करा, मग डॉक्टरला विचारा, मग काय ते ठरवा. एका वेळी एक काम."

काय काय केले ते क्रमाने सांगतो. बाळाचे सगळे कपडे काढले. शेजारच्या काकांनी रोपांसाठी आणलेले हिरव्या शेडनेटचे कापड न मागता आणून दिले. ते बाजेच्या वर, आंब्याच्या फांद्यांना उंच बांधले. मलमलची ओढणी साध्या पाण्यात, थंडगार नव्हे, भिजवून पिळली आणि तिने मान, काखा, जांघा, पाय पुसत राहिलो. एकाने पुठ्ठ्याने वारा घातला. मामूंच्या घरच्या कुणीतरी मधाचे बोट चाटवायला सांगितले, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये हे आम्हाला डॉक्टरांनी पूर्वीच बजावले होते.

फोनला रेंज फक्त कडुलिंबाखाली एका जागी मिळत होती. सिल्लोडचे बालरोगतज्ज्ञ रविवार असूनही बोलले. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. बाळ हाक मारल्यावर डोळे उघडते का? दूध ओढते का? उलटी-जुलाब आहेत का? डोळे उघडत होती, थोडे ओढत होती, उलटी-जुलाब नव्हते. ते म्हणाले, दर पाच-दहा मिनिटांनी छातीला लावा. ओआरएस असेल तर पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात कालवा आणि चमच्या-चमच्याने द्या. साखर-मीठ अंदाजाने घालू नका. आणि निघा, थांबू नका. वाटेत ती उठेनाशी झाली तर जो दवाखाना आधी लागेल तिथे थांबा.

ओआरएसचे पाकीट दादींच्या पिशवीत होते. आमच्या पिशवीत टॉर्च होते, दोरी होती, स्पीकर होता.

गाडी उन्हात उभी होती. उन्हातली बंद गाडी अवघ्या दहा मिनिटांत बाहेरच्यापेक्षा दहा-एक अंशांनी जास्त तापू शकते, आणि आमची तर सकाळपासून उभी होती. सीटचा पट्टा हाताला चटका देत होता. चारी दारे उघडी टाकली, मग एसी सुरू केला आणि गाडी आतून गार झाल्यावरच बाळाला बसवले. दादी मागे वाटी-चमचा घेऊन. एक चमचा, मग थांबायचे, मग पुन्हा एक चमचा. अंभई गेले, उंडणगाव गेले. कुणी बोलत नव्हते. दादांची तसबीह फिरत होती.

गोळेगावच्या फाट्याच्या थोडे अलीकडे दादी ओरडल्या, "ओली झाली!"

दादींनी निघताना डायपर काढून लंगोट बांधला होता. लंगोट भिजला, त्याखालची ओढणी भिजली, दादींची साडी भिजली. त्या साडीकडे बघून आम्ही सगळे जे हसलो आणि रडलो, ते कुणी रस्त्यावरून पाहिले असते तर वेड्यांत काढले असते. अल्हम्दुलिल्लाह, एवढेच शब्द बराच वेळ गाडीत होते.

सिल्लोडला डॉक्टरांनी तपासले. शरीरातले पाणी कमी झाले होते, पण सौम्य प्रमाणात. सलाइनची गरज पडली नाही. त्यांनी रागावून काही म्हटले नाही. उलट समजावून सांगितले, आणि तेच आम्ही वाचक भगिनी आणि बांधवांपुढे ठेवतो.

लहान बाळ मोठ्या माणसासारखे उन्हाशी लढू शकत नाही. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पसारा मोठा असतो, म्हणून ते लवकर तापते, आणि घामाने स्वतःला थंड करण्याची त्याची ताकद कमी असते. तहान लागली हे ते सांगू शकत नाही. सहा महिन्यांच्या आत फक्त आईचे दूध, उन्हाळ्यात ते अधिक वेळा पाजायचे. वरून पाणी देण्याची गरज नाही. सहा महिन्यांनंतर दुधाबरोबर उकळून गार केलेले पाणी थोडे थोडे. चोवीस तासांत साधारण सहा वेळा लंगोट ओला व्हायला हवा. सहा तास कोरडा राहिला, रडताना अश्रू आले नाहीत, ओठ सुकले, टाळू खोल गेली किंवा बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपू लागले, तर डॉक्टरांकडे जायचे. यातले शेवटचे लक्षण फसवे असते. खेळणारे बाळ दमून झोपते तसेच सुस्तावलेले बाळही झोपते. फरक उठवल्यावर कळतो. दमलेले बाळ उठून भुकेने दूध ओढते, सुस्तावलेले तोंड फिरवते.

झोळीबद्दलही डॉक्टर बोलले. छातीशी बांधलेले बाळ आपल्या अंगाच्या उबेतच असते, त्यामुळे उन्हाळ्यात ते तसे फार वेळ ठेवू नये. आणि झोळीवर किंवा बाबागाडीवर कापड पांघरले की सावली होते, पण हवा कोंडते.

"मग उन्हाळ्यात बाळाला घेऊन बाहेर जायचंच नाही का?" आम्ही विचारले.

"जा ना. पण बाळाचं घड्याळ बघून जा, तुमचं नाही."

दादा ऐकत बसले होते. ते एवढेच म्हणाले, "कारवानवाले हेच करायचे." त्या संध्याकाळी आम्ही हिशेब मांडला. असरनंतर निघालो, ते बरोबर होते. रात्र मोकळ्यावर काढली, तेही बरोबर. पहाटे किल्ला पाहिला, तोही बरोबर. चुकले ते साडेसात ते साडेनऊ हे दोन तास. ते आम्ही बाळाच्या हसण्यावर विसंबून काढले. बाळ हसते आहे म्हणजे बाळ ठीक आहे, असे धरून चाललो. दुसरी चूक म्हणजे, ती झोपली याचा अर्थ आम्ही आमच्या सोयीने लावला. जोहर उन्हाच्या तडाख्यात थोडी उशिरा, गारव्यात पढावी ही शिकवण आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. तीत उन्हाचा मान राखायची गोष्ट आहे हे मात्र त्या दिवशी नीट उमगले.

घटोत्कच लेणी राहून गेली. किल्ल्याच्या पलीकडे, दरीत उतरून जावे लागते. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख तिथे आहे, आणि त्याच वराहदेवाचा लेख अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यातही आहे. दादांना तो मुलाला दाखवायचा होता. मुलगा परतताना गाडीत एकदाही लेण्यांबद्दल बोलला नव्हता. रात्री जेवताना मात्र हळूच म्हणाला, "लेणी तर तिथेच राहणार ना?"

"दीड हजार वर्षं राहिली आहेत," दादा म्हणाले. "डिसेंबरपर्यंत नक्की राहतील, इन्शाअल्लाह."

तोवर मामूंनी तंबू गुंडाळून फटफटीवरून पाठवून दिला होता. मुलाने तो गच्चीवर उभारला आणि दादांना घेऊन त्यातच झोपला. दुसरी रात्र म्हणजे दुसरी रात्र, त्याचा हिशेब पक्का होता. बाळाची बाज गच्चीवरच, उघड्यावर. शेडनेटचे कापड घाईत आमच्याच गाडीत आले होते, ते घडी करून मामूंच्या हाती काकांना परत पाठवले. सोबत दादींनी शीरखुर्म्याचा डबा दिला. मामू सांगत होते, काकांनी डबा घेण्याआधी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की लेकरू कसे आहे.

सोमवारी औरंगाबादला परतायचे होते. असरनंतरच निघायचे, हे कुणी सांगण्याची गरज पडली नाही. दुपारी बाळ दादींच्या मांडीवर बसून वाटी जमिनीवर आपटत होते. अंगणातल्या दोरीवर लंगोट वाळत होते. जाता-येता प्रत्येक जण त्या दोरीकडे बघत होता. दादींनी बोट करून मोजले आणि आत स्वयंपाकघराकडे पाहून सांगितले, "कालपासून सात झाले. आता चहा टाका."